डोके दुखते, मग डोळे का तपासतात?

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्याच्या परिसरातल्या शिक्षकांशी बोलताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाचे डोके सारखे दुखते, सकाळी उठल्याबरोबर उलटी होते, म्हणून त्याला दवाखान्यात पाठवावे, तर तिथले डॉक्टर त्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकतात, खोली अंधारी करतात आणि बारीकशा दिव्याने डोळ्याच्या आत पाहत बसतात. दुखणे डोक्याचे आणि तपासणी डोळ्याची, हे कसे?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेताना इयत्ता आठवी-नववीत आपण शिकवतो तेवढे भौतिकशास्त्र पुरेसे होते. आणि हे उत्तर माहीत असलेला शिक्षक एखाद्या मुलाची दृष्टी, क्वचित जीवही, वाचवू शकतो.

हाडांची बंद पेटी

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे न फुगणारी पेटी. तिच्यात तीन गोष्टी असतात: मेंदू, रक्तवाहिन्यांतले रक्त आणि मेंदूभोवती व मेंदूच्या आत असलेले पाण्यासारखे स्वच्छ द्रव, म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव. ढोबळ मानाने दहातील आठ भाग जागा मेंदू व्यापतो, एक भाग रक्त आणि एक भाग हे द्रव. यांतल्या एकाने जास्त जागा घेतली, तर इतरांना ती सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये ही गोष्ट मांडली. आजही ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

फाट्यावर उभी असलेली काळी-पिवळी जीप डोळ्यांसमोर आणा. पहिले काही प्रवासी सरकून, पिशव्या मांडीवर घेऊन सामावतात आणि कोणाला काही जाणवत नाही. पण एका मर्यादेनंतर आणखी एकच माणूस आत आला, तरी सगळ्यांचा श्वास कोंडतो. कवटीतही असेच घडते. गाठ वाढू लागली किंवा द्रव साचू लागले, की आधी थोडे द्रव पाठीच्या कण्याकडे सरकते, नीलांतले थोडे रक्त बाहेर ढकलले जाते आणि दाब जवळजवळ तेवढाच राहतो. ही सोय संपली, की मग जरासे आकारमान वाढले तरी दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच कित्येक आठवडे ‘साधीच डोकेदुखी’ असलेले मूल दोन दिवसांत गंभीर होऊ शकते.

आडव्या झोपलेल्या निरोगी प्रौढ माणसाच्या कवटीतला दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा, म्हणजे सुमारे १० ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, एवढे लक्षात ठेवले की हे रूपांतर विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेता येते.

मेंदूतले पाट

आता या द्रवाचा प्रवास पाहू. मेंदूच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. त्यांना मस्तिष्क-विवरे म्हणतात. डावी-उजवीकडे दोन मोठी, त्यांच्याखाली मध्यभागी तिसरे आणि त्याच्याही खाली चौथे. विवरांतल्या रक्तवाहिन्यांच्या झुपक्यांमधून द्रव पाझरत राहते. प्रौढ माणसात दर तासाला सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला अर्धा लिटर. एका वेळी शरीरात असते मात्र दीडशे मिलिलिटरच्या आसपास. याचा अर्थ सगळे द्रव दिवसातून तीन-साडेतीन वेळा बदलते.

वरच्या दोन विवरांतून द्रव तिसऱ्यात येते. तिथून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या नळीतून चौथ्यात जाते. चौथ्याच्या छिद्रांतून ते मेंदूच्या तळाशी बाहेर पडते, मेंदूच्या पृष्ठभागावर पसरते आणि शेवटी डोक्याच्या माथ्याजवळच्या मोठ्या नीलेतल्या रक्तात मिसळते.

निम्न दुधना किंवा जायकवाडीच्या पाटावर ज्यांची शेती आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. खाली पाट तुंबला आणि वरून पाणी चालूच राहिले, तर फुगवटा तुंबलेल्या जागेच्या वरच्या अंगाला येतो. मेंदूत वरचे दार बंद करायची सोय नाही. दाब वाढला तरी द्रव तयार होण्याचा वेग फारसा कमी होत नाही. त्यामुळे अडथळ्याच्या मागची विवरे फुगू लागतात. यालाच जलशीर्ष म्हणतात. कोणती विवरे फुगली आहेत यावरून पाट कुठे तुंबला हे ओळखता येते. पहिली तीन फुगली आणि चौथे नेहमीएवढेच असेल, तर अडथळा मधल्या अरुंद नळीत. चारही फुगली असतील, तर अडथळा त्याच्या पुढे कुठेतरी.

हे फुगणे डोळ्यांनी पाहता येऊ लागले ते १९१८ पासून. वॉल्टर डँडी यांनी विवरांतले द्रव काढून तिथे हवा भरली आणि क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले. तपासणी अतिशय त्रासदायक होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्लीज रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला आणि डोक्याला छिद्र न पाडता विवरे दिसू लागली. १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना या कामासाठी मिळाले.

स्कॅनवर विवरे मोठी आहेत की नाही, हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. दोन्ही वरच्या विवरांच्या पुढच्या टोकांमधली जास्तीत जास्त रुंदी मोजायची आणि तिला त्याच चित्रातल्या कवटीच्या आतल्या जास्तीत जास्त रुंदीने भागायचे. उत्तर ०.३ पेक्षा जास्त आले, तर विवरे मोठी. समजा ४.६ आणि १२.८ सेंटिमीटर अशी मापे आली, तर उत्तर ०.३६.

डोळ्याची खिडकी

आता डोळ्याकडे वळू. दृष्टिपटलावरून निघणारे सुमारे दहा-बारा लाख चेतातंतू एका जागी गोळा होऊन डोळ्याबाहेर पडतात. ती जागा म्हणजे दीड ते दोन मिलिमीटर आकाराची फिकट गुलाबी चकती. तिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशी नसतात, म्हणून तो आपला अंधबिंदू.

हा अंधबिंदू वर्गात दाखवता येतो. कोऱ्या कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटर अंतरावर १ सेंटिमीटर व्यासाचा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत राहा आणि हात लांब करून धरलेला कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. त्या अंतरावर ठिपका न दिसणारा पट्टा आडवा मोजला, तर तो ३ सेंटिमीटरच्या जवळपास भरतो. डोळ्यातील भिंगाच्या बाजूपासून दृष्टिपटल सुमारे १७ मिलिमीटरवर असते. समरूप त्रिकोणांनी गणित करा: ३ भागिले ३० गुणिले १७, म्हणजे १.७ मिलिमीटर. डोळ्याला हातही न लावता विद्यार्थ्यांनी आपल्या डोळ्यातल्या चकतीची रुंदी मोजली!

या चकतीचा कवटीतल्या दाबाशी संबंध असा. दृष्टिचेता ही हातापायांतल्या चेतांसारखी नाही. ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. मेंदूवर जी आवरणे असतात, तीच तिच्यावर असतात आणि त्या आवरणांखालचे द्रव थेट डोळ्याच्या पाठीमागपर्यंत पोहोचलेले असते. पास्कलचा नियम इथे आठवावा. बंद द्रवात एका ठिकाणी वाढलेला दाब सगळीकडे पोहोचतो. कवटीत दाब वाढला, की तो दृष्टिचेतेच्या म्यानातही वाढतो.

प्रत्येक चेतातंतूमध्ये पेशीद्रव्याची ये-जा चालू असते. एरवी डोळ्याच्या आतला दाब बाहेरच्या म्यानातल्या दाबापेक्षा थोडा जास्त असतो. म्यानातला दाब वाढला, की डोळ्याबाहेर पडण्याच्या जागी ही ये-जा रखडते. माल पुढे जात नाही, तंतू फुगतात, चकती वर उचलली जाते, तिच्या कडा पुसट होतात, नीला तट्ट होतात आणि कधी कडेला रक्ताचे बारीक फराटे दिसतात. दाबामुळे आलेल्या या सुजेला पॅपिलेडिमा म्हणतात. ती बहुधा दोन्ही डोळ्यांत असते.

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे आणला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच दिसू लागला. १८६० मध्ये बर्लिनच्या अल्ब्रेख्ट फॉन ग्रेफ यांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांमधली ही सूज वर्णिली. पण ती का येते, यावर पुढे शंभर वर्षे वाद चालला. तो मिटवण्यात एका भारतीयाचा वाटा मोठा आहे. पंजाबात जन्मलेले सोहनसिंग हयरे १९६१ मध्ये लंडनला संशोधनासाठी गेले. त्यांनी माकडांच्या कवटीत छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. चकत्या सुजल्या. मग त्यांनी एकाच बाजूच्या दृष्टिचेतेचे म्यान उघडले. कवटीतला दाब कायम असूनही त्या बाजूची सूज उतरली. म्हणजे सुजेचे कारण म्यानातून पोहोचणारा द्रवाचा दाब हेच. हे निष्कर्ष १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. एकाच प्राण्याची दुसरी बाजू तुलनेसाठी ठेवणे, ही प्रयोगरचना विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम सांगावी अशी आहे.

दोन साक्षीदार, दोघांची जबानी

सुजलेली चकती आणि फुगलेली विवरे हे वाढलेल्या दाबाचे दोन साक्षीदार. पण एकट्या साक्षीदारावर निकाल देता येत नाही.

विवरे मोठी, पण दाब वाढलेला नाही, असे होऊ शकते. म्हातारपणी किंवा काही आजारांत मेंदू आक्रसतो आणि मोकळी झालेली जागा द्रव भरून काढते. १९६५ मध्ये कोलंबियातील सालोमोन हाकिम यांनी असे रुग्ण वर्णिले, की ज्यांची विवरे मोठी होती, चाल बिघडली होती, विसराळूपणा वाढला होता, पण मणक्यातून मोजलेला दाब मात्र नेहमीइतका होता.

उलटही घडते. दाब खूप वाढलेला, चकत्या सुजलेल्या, पण विवरे नेहमीएवढी किंवा अगदी अरुंद. वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये आढळणारा एक आजार असा आहे. त्यात स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही, ‘सगळे नॉर्मल आहे’ असे ऐकून रुग्ण घरी जातो आणि नजर मात्र हळूहळू जात राहते. डोळ्यात पाहिले असते, तर लगेच कळले असते.

आणखी एक गोष्ट म्हणजे वेळ. दाब वाढल्यावर सूज दिसायला काही तास ते काही दिवस लागतात आणि दाब उतरल्यावर ती जायला आठवडे लागतात. त्यामुळे चकती सुजलेली नाही म्हणून दाब नाहीच, असे म्हणता येत नाही. तान्ह्या बाळात तर कवटीचे सांधे उघडे असतात. दाबाला वाट मिळते, डोकेच मोठे होते आणि चकती बहुधा सुजत नाही.

मग मणक्यात सुई घालून दाब सरळ मोजून का टाकत नाहीत? क्विंके यांनी १८९१ मध्ये दाखवलेली ती पद्धत उत्तमच आहे, पण वर पाट तुंबलेला असताना खालून द्रव काढले, तर मेंदूचा भाग खाली सरकून जीवावर बेतू शकते. म्हणून आधी डोळा, मग स्कॅन आणि मग गरज असल्यास सुई, हा क्रम.

मुंबईने काय दाखवले

आपल्याकडे लहान मुलांत जलशीर्ष होण्याचे एक मोठे कारण म्हणजे क्षयाचा मेंदूज्वर. मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय येथे बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मेंदूविकृतितज्ज्ञ डॉ. दराब दस्तूर यांनी या आजाराचा सखोल अभ्यास केला. दस्तूर, ललिता आणि उदानी यांनी या आजाराने दगावलेल्या १०० रुग्णांच्या मेंदूंची पाहणी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट थर साचतो आणि जिथून द्रव बाहेर पसरायचे तीच जागा बुजते. शिवाय त्या थरातून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही आक्रसतात. पाट कुठे आणि कशाने तुंबतो, ते असे स्पष्ट झाले.

वेळेचे मोल किती, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये आकड्यांत दाखवले. क्षयाच्या मेंदूज्वराने जलशीर्ष झालेल्या ११४ रुग्णांच्या शस्त्रक्रियांचा आढावा त्यांनी घेतला. पूर्ण शुद्धीवर असताना, हातपाय नीट चालत असताना आलेल्यांपैकी सुमारे २० टक्के दगावले. खोल बेशुद्धीत आलेल्यांपैकी एकही वाचला नाही. रोग तोच, शस्त्रक्रिया तीच. फरक होता तो कोणत्या पायरीवर रुग्ण पोहोचला याचा.

ती शस्त्रक्रिया म्हणजे शंट. विवरातले जादा द्रव कातडीखालून बारीक नळीने पोटात सोडायचे. मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप असते. उत्तर प्रदेशातील शहाजहानपूरला बनणारा छाबडा शंट स्वस्त आहे. युगांडातील १९५ मुलांमध्ये त्याची तुलना कितीतरी पट महाग अशा परदेशी शंटशी केली, तेव्हा एका वर्षानंतर दोन्हींच्या परिणामांत फरक दिसला नाही. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांत नळी न घालता दुर्बिणीने तिसऱ्या विवराच्या तळाला छिद्र पाडून द्रवाला वाट करून देतात.

शाळेत काय करायचे

मुलांची बहुतेक डोकेदुखी दाबाची नसते, हे आधी सांगितले पाहिजे. उपाशीपोटी येणे, ऊन, अपुरी झोप, सर्दी, अर्धशिशी अशी कारणेच जास्त. उगाच घबराट नको. पण काही खुणा वेगळ्या असतात. झोपेतून उठवणारी किंवा सकाळी उठताच होणारी आणि आठवड्यागणिक वाढणारी डोकेदुखी ही पहिली. आडवे झोपल्यावर कवटीतला दाब वाढतो, म्हणून सकाळ वाईट. मळमळ नसताना होणारी उलटी ही दुसरी. एकाच्या दोन वस्तू दिसणे किंवा नव्याने आलेला तिरळेपणा ही तिसरी. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणाऱ्या चेतेचा मार्ग लांब असल्याने ती दाबाखाली लवकर सापडते. वाकले किंवा उभे राहिले, की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येणे ही चौथी. चालताना झोक जाणे, अक्षर बिघडणे, हुशार मूल एकाएकी सुस्त होणे ही पाचवी.

इथे एक सापळा आहे. शाळेत आपण तक्ता टांगून नजर तपासतो. चकती सुजलेली असतानाही मूल सुरुवातीला शेवटची ओळ बिनचूक वाचते. कारण आधी अंधबिंदू मोठा होतो, मग कडेची नजर जाते. मधली, वाचायची नजर शेवटी जाते. ती गेली, की तंतू वाळून चकती पांढरी पडते आणि मग दाब उतरवूनही दृष्टी परत येत नाही. म्हणून तक्ता नीट वाचला, एवढ्यावर समाधान मानू नये. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आणणे, पित्त म्हणून गोळ्या देणे किंवा ‘बाहेरचे’ म्हणून अंगारा लावणे, यांत नेमके ते आठवडे जातात जे वाचवायचे असतात. वर दाखवलेला अंधबिंदूचा प्रयोगही तपासणी म्हणून वापरू नये.

पालकांना सांगायचे वाक्य छोटे आहे: “डोळ्याच्या डॉक्टरांकडून थेंब टाकून डोळ्याचा पडदा तपासून घ्या.” देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी स्कॅनसाठी जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहून लांब जावे लागते, खर्चाची धास्ती असते. पण ऑफ्थॅल्मोस्कोप खिशात मावतो. कोणाला तातडीने पुढे पाठवायचे हे तो सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याची पथके शाळा-अंगणवाड्यांत येतात. अशा मुलांची नावे त्यांच्यासमोर आधी ठेवावीत. मात्र मूल गुंगीत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा झटका आला असेल, तर पथकाची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अंगणवाडीताईंसाठी साधी मोजपट्टी पुरते. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो दरमहा सुमारे २, पुढचे तीन महिने १ आणि त्यानंतर वर्षापर्यंत अर्धा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वर्षाच्या बाळाचा घेर साधारण ४६ सेंटिमीटर. त्यापेक्षा भराभर वाढ, तट्ट फुगलेली टाळू, खाली वळून राहिलेली बुबुळे दिसली, तर थांबू नये.

काही गोष्टी टाळताही येतात. जन्मल्यावर दिलेली बीसीजी लस क्षयाच्या मेंदूज्वरापासून लहान मुलांचे बरेच संरक्षण करते. घरात कोणाला क्षय झाला, तर त्या घरातल्या मुलांची तपासणी आणि प्रतिबंधक औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. गर्भधारणेच्या आधीपासून घेतलेले फॉलिक आम्ल बाळाच्या कण्यातले व्यंग आणि त्यासोबत येणारे जलशीर्ष यांचा धोका कमी करते.

शंट बसवलेले मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याला बाजूला बसवू नका. ते शिकू शकते, बहुतेक खेळही खेळू शकते. मात्र नळी बुजू शकते. अशा मुलाला पुन्हा डोकेदुखी, उलटी, गुंगी सुरू झाली, तर ते दुखणे साधे मानू नये आणि त्याच दिवशी पालकांना बोलावून घ्यावे. चकती पूर्वीच पांढरी पडली असेल, तर ती पुन्हा सुजत नाही. अशा वेळी डोळ्याची खिडकी बंद झालेली असते आणि मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाचे लक्ष हीच मोठी तपासणी ठरते.